मॅट सरळ करणारा हात

गाडी शिकवणाऱ्या माणसाला दोन गोष्टी लागतात, असं मास्तर नेहमी म्हणायचे: म्हशीची कातडी आणि मांजराचे पाय. कातडी कशाला, तर शिकणारा कितीही घाबरला, ओरडला, रडला, तरी आपण हलायचं नाही. आणि पाय कशाला, तर शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. त्यावर पाय असा अलगद ठेवायचा, की शिकणाऱ्याला त्याचा पत्ता लागू नये आणि वेळ आली तर झडप चुकू नये.

बावीस वर्षं मास्तरांनी हेच काम केलं. डॉक्टर, दुकानदार, नव्यानं नोकरीला लागलेल्या मुली, सगळे त्यांच्या हाताखालून गेले. एका आजोबांना त्यांनी सत्तराव्या वर्षी गाडी शिकवली. आजोबा परीक्षेत पास झाले आणि आनंदाच्या भरात परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्याला तसंच गाडीत बसवून थेट आपल्या घरी घेऊन गेले. ही गोष्ट मास्तर प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायचे. माणूस हसला की त्याचे खांदे खाली येतात, आणि खांदे खाली आल्याशिवाय स्टिअरिंग हातात द्यायचं नाही, हा त्यांचा नियम.

मास्तरांना स्वच्छतेचं मात्र वेड होतं. लोक चिखलाचे, वाळूचे पाय घेऊन गाडीत चढतात, हे त्यांना बघवायचं नाही. गाडीची मूळची मॅट खाली हुकांना अडकवलेली होती. ती खराब होऊ नये म्हणून मास्तरांनी बाजारातून जाड रबराचा तुकडा आणला, घरी बसून कात्रीनं बेतशीर कापला आणि चालवणाऱ्याच्या पायाशी मूळच्या मॅटवर पसरला. त्याला हुक नव्हते. एवढं जड रबर कशाला हलतंय, असा त्यांचा विचार. तरी ते हलायचंच थोडंफार. म्हणून प्रत्येक शिकवणीनंतर शिकणारा उतरला, की मास्तर आपल्या जागेवरून आडवे वाकायचे, ती मॅट मागे ओढायचे आणि तिच्या कडा तळहातानं दाबून बसवायचे. दिवसाला सात शिकवण्या, तर सात वेळा. हे काम त्यांचा हातच करायचा. मास्तरांना स्वतःला त्यात लक्ष घालावं लागत नसे.

जे घडलं ते या हातामुळे. आणि ते कळायला मास्तरांना दहा महिने लागले.

त्या दिवशी सकाळी अकराची शिकवणी सिस्टरची होती. गावातल्या दवाखान्यात त्या परिचारिका होत्या. वय चौतीस, हात हलका. लहान मुलांना टोचायचं असेल तर आया मुद्दाम त्यांची ड्यूटी कधी आहे ते विचारून यायच्या. "मुंगी चावली, एवढंच," असं म्हणून त्या सुई बाहेर काढायच्या, तरी पोराचं रडणं अजून घशातच असायचं. गाडीही त्या तशीच शिकत होत्या, घाई न करता, नीट. चौदावा दिवस होता. मास्तरांचा त्यांच्यावर इतका भरवसा बसला होता, की त्या दिवशी त्यांनी आपले मांजराचे पाय सीटखाली दुमडून घेतले होते.

उताराचा रस्ता संपून बाजारपेठेकडे वळण लागतं, तिथे सिस्टरनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. निदान त्या तसं म्हणाल्या. पण गाडी थांबायच्या ऐवजी पुढे झेपावली. इंजिन असं किंचाळायला लागलं, की दुकानातली माणसं उठून उभी राहिली.

"ब्रेक! ब्रेक!" मास्तर ओरडले.

"दाबलाय सर! मी ते दाबत नाहीये, सर, मी दाबत नाहीये!"

"पाय काढ! पाय काढ त्याच्यावरून!"

एरवी तिला "तुम्ही" म्हणणाऱ्या मास्तरांच्या तोंडून "तू" बाहेर पडलं. आणि ओरडण्यात जे दोन-तीन क्षण गेले, तेवढ्यात गाडी वळण सोडून समोरच्या टेलरच्या दुकानाच्या पायरीवर चढली. टेलरकाका पायरीवर उन्हात बसून काजं करत होते. मास्तरांचा पाय त्यांच्या ब्रेकवर पोचला तेव्हा काकांचा उजवा पाय गाडी आणि भिंत यांच्यामध्ये होता.

सगळ्या बाजारपेठेनं एकच गोष्ट ऐकली होती: मास्तर "पाय काढ, पाय काढ" म्हणून ओरडत होते. पोलिसांनी जबाब घेतले तेव्हा नऊ माणसांनी तेच सांगितलं. वाहन तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं गाडीत बसून ॲक्सिलरेटर तीनदा दाबून पाहिला. तीनदा तो लोण्यासारखा खाली गेला आणि तीनदा वर आला. "यंत्रात दोष नाही," असं त्यानं लिहिलं. मास्तरांनी खाली सही केली, कारण त्यांनाही तेच खरं वाटत होतं. नवशिक्याचा पाय चुकतो. बावीस वर्षांत असे पाय त्यांनी कमी पाहिले नव्हते.

टेलरकाकांचा पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेना. सिस्टरचं शिकणं सुटलं.

मास्तर वाईट माणूस नव्हते. ते तिला भेटायला तिच्या घरी तीनदा गेले. पहिल्या वेळी ती नुसती म्हणत राहिली, "मी दाबत नव्हते हो सर." तेव्हा मास्तरांनी खिशातून पेन काढलं, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तीन चौकोन काढले आणि समजावलं. "हे बघा, हा ब्रेक. कडक असतो, पायाला विरोध करतो. हा ॲक्सिलरेटर. मऊ असतो, दाबला की जातच राहतो. घाबरल्यावर माणसाला वाटतं आपण ब्रेक दाबतोय, म्हणून तो आणखी जोर लावतो. होतं असं. भल्याभल्यांचं होतं. तुम्ही डोळे मिटून आठवा. पायाखाली कडक लागत होतं की मऊ?"

दुसऱ्या वेळी त्यांनी पुन्हा समजावलं. तिसऱ्या वेळी समजावायची गरज राहिली नाही. शिकवण्यात त्यांचा हात कोण धरणार?

तरी त्यांना स्वतःला काही चैन नव्हतं. घरात मिक्सर लागला, की त्या आवाजामागून हळूच यायचं, मी दाबत नाहीये, सर. पंप सुरू झाला की यायचं. शेजारच्या सुताराचं कापायचं यंत्र घरघरलं की यायचं. मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय फरशीत रुतवायचे.

"फरशीला ब्रेक नाही बसवलेला," बायको म्हणायची. "दाबून दाबून खड्डा पाडाल एक दिवस."

मास्तर हसायचे आणि पाय उचलून घ्यायचे. बायको मिक्सरचं भांडं उघडताना त्यांच्याकडे पाहायची. सिस्टरची दया येते म्हणून हे होतंय, अशी मास्तरांनी स्वतःची समजूत घातली होती.

दहा महिने गेले. गाडीचा पुढचा भाग बदलून झाला, रंग झाला, शिकाऊ गाडीची लाल पाटी पुन्हा लागली. एका सकाळी पहिल्या शिकवणीच्या आधी मास्तर एकटेच गाडी घेऊन पटांगणात गेले. जुनी टायरं मांडून वळणं तयार करायची होती. ते स्वतः क्वचितच चालवणाऱ्याच्या जागी बसत. बसले, टायरांच्या मधून गाडी काढली आणि पटांगणाच्या टोकाला कुंपण आलं म्हणून पाय वर घेतला.

गाडी थांबली नाही. ती पुढे झेपावली.

आवाज तोच होता. मास्तरांनी ब्रेकवर पाय मारला, टाच रोवून जोर लावला. आणि त्यांना पायाखाली स्पष्ट जाणवलं, की टाचेनं जितका जोर लावावा तितकी खालची जड रबरी मॅट पुढे सरकतेय आणि तितकं इंजिन जास्त किंचाळतंय. "मी दाबत नाहीये," असे शब्द रिकाम्या गाडीत त्यांनी स्वतःच्या तोंडून ऐकले.

क्लच दाबला, किल्ली फिरवली. कुंपणाच्या तारेला नाक लावून गाडी थांबली. सगळीकडे शांतता झाली. लांबवर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.

मास्तरांनी खाली पाहिलं. मॅटची पुढची कड वर वळून ॲक्सिलरेटरच्या पट्टीवर चढून बसली होती. पट्टी खाली दबलेली. त्यावर कुणाचाही पाय नव्हता.

आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचा हात खाली गेला. त्यांनी त्याला काही सांगितलं नव्हतं. हातानं मॅटची कड धरली, मागे ओढली, तळहातानं कोपरे दाबून बसवले. ॲक्सिलरेटर टपकन वर आला. आता कुणीही येऊन पाहिलं असतं तर म्हणालं असतं, यंत्रात दोष नाही.

पण हाताबरोबर मास्तरांच्या मनात दुसरंही काही वर आलं होतं. काच फुटलेली. शेजारी सिस्टर तोंडावर हात घेऊन बसलेली, मग दार उघडून खाली पडल्यासारखी उतरलेली. बाहेर टेलरकाकांचं ओरडणं. आणि आपण आडवे वाकून, एका हातानं किल्ली काढतोय आणि दुसऱ्या हातानं...

ते गाडीतून उतरले आणि कुंपणाला धरून बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशीच्या सातही शिकवण्या त्यांनी रद्द केल्या. जाड रबराचा तो तुकडा मात्र फेकून दिला नाही. गुंडाळून मागच्या सीटवर ठेवला.

गाडी शिकवण्याचं केंद्र त्यांच्या मेव्हण्याचं होतं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं. दुपारी तो घरी आला. मास्तरांनी स्वयंपाकघरातच त्याला सगळं सांगितलं. बायको भांडी विसळत होती. तिचे हात थांबले, पण नळ चालू राहिला.

"कुणाला बोललात हे?" मेव्हण्यानं विचारलं.

"तुलाच पहिलं."

"मग दाजी, मी ऐकलं नाही आणि तुम्ही बोलला नाहीत. अहो, प्रकरण मिटलं, सगळे आपापल्या कामाला लागले. गाडलेलं मढं उकरून कुणाचं भलं झालंय? ती बाईसुद्धा आता शांत झाली असेल."

"शांत झाली असेल," मास्तर म्हणाले. "मीच केलं ना तिला शांत."

"दवाखान्यात नोकरी आहे तिची, घर आहे. तिचं काय बिघडलंय?"

बायकोनं नळ बंद केला. "ती आता सुई टोचत नाही," ती म्हणाली. "मी मागच्या महिन्यात रक्त तपासायला गेले होते. ती खिडकीत बसून नावं लिहून घेते. मी म्हटलं, सिस्टर, तुम्हीच घ्या की रक्त, तुमचा हात हलका. तर म्हणाली, मावशी, जिला पायाचा भरवसा नाही तिनं हाताचा काय द्यायचा?"

"हे तू मला सांगितलं नाहीस," मास्तर म्हणाले.

"फरशीला खड्डा पडायला आला होता. आणखी काय सांगायचं तुम्हाला?"

मेव्हणा चिडला. "ताई, तू तरी समजव. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या हे बाहेर पडलं, तर कोण येईल आपल्याकडे शिकायला? तुम्हाला तरी कोण मास्तर म्हणेल, दाजी?"

"तू गप रे," बायको म्हणाली. "लहानपणी काच फोडून मांजरावर घालायचास, तसाच राहिलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आधी तपासणी कार्यालयात गेले. सगळं एका कागदावर लिहून नेलं होतं. तिथल्या कारकुनानं कागद उलटासुलटा केला आणि म्हणाला, ही फाइल बंद झाली आहे. बंद फाइल उघडायची असेल तर आधी त्यासाठी अर्ज करावा लागेल. मास्तरांनी तिथेच उभं राहून तोही अर्ज लिहिला. मग ते दवाखान्यात गेले.

खिडकीच्या काचेमागे सिस्टर बसल्या होत्या. केस तसेच घट्ट बांधलेले, पांढरा पोशाख तसाच. फक्त समोर सुयांच्या ट्रेऐवजी नोंदवही होती.

"सर!" त्या उठल्याच. "बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे. तुमच्याशी बोलायचंय. पाच मिनिटं."

खिडकीवर गर्दी नव्हती. मास्तरांनी वाट न बघता सांगून टाकलं. "सिस्टर, त्या दिवशी चूक तुमची नव्हती. तुम्ही ब्रेकच दाबत होतात. मी टाकलेली मॅट ॲक्सिलरेटरवर चढली होती. काल माझ्याबरोबरही तेच झालं. आणि त्या दिवशी मी ती मॅट सरळ केली, म्हणून कुणाला दिसली नाही."

आता ही रडेल, किंवा आपल्याला बोलेल, असं त्यांना वाटलं होतं. दोन्हीची त्यांनी तयारी केली होती. पण सिस्टर हसल्या. रडणाऱ्या पोराच्या आईकडे पाहून हसावं, तसं समजुतीचं हसल्या.

"सर, तुम्ही फार चांगले आहात. माझ्यासाठी अजून जिवाला लावून घेता. पण नका असं काही रचून सांगू. मी सावरलेय आता."

"रचून नाही, सिस्टर. खरं आहे."

"नाही सर. मला आठवतंय ना. पायाखाली मऊ लागत होतं. दाबलं की जातच राहत होतं. तुम्हीच नव्हतं का सांगितलं, डोळे मिटून आठवा म्हणून? मी किती दिवस आठवलं. पहिल्यांदा काहीच नीट आठवत नव्हतं. मग हळूहळू आठवलं. मऊच होतं."

वर्तमानपत्राच्या कडेवरचे ते तीन चौकोन मास्तरांच्या डोळ्यांपुढे आले. जे कधी घडलंच नव्हतं ते त्यांनी या बाईला शिकवलं होतं, आणि ती त्यांची सगळ्यात चांगली शिष्य होती.

"बाहेर या," ते म्हणाले. "गाडी आणलीय. चालवायची नाही, हलवायचीसुद्धा नाही. फक्त उभं राहून बघा."

"मी त्या गाडीजवळ येणार नाही."

"लांब उभ्या राहा. फाटकाशी राहा हवं तर. सिस्टर, आजवर तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही ऐकलंत. हे एवढं शेवटचं ऐका."

दवाखान्याच्या आवारात दुपारचं कडक ऊन होतं. सिस्टर फाटकाच्या खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या. मास्तरांनी मागच्या सीटवरून रबराचा तुकडा काढला, पायाशी पसरला, पुढची कड पट्टीवर चढेल इतका पुढे रेटला. गिअर काढलेला, हातब्रेक ओढलेला, चाकांना पुढे-मागे विटा. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि ॲक्सिलरेटर एकदा दाबला.

आणि दोन्ही पाय वर उचलून घेतले. सीटवर मांडी घालून बसले.

इंजिन किंचाळत राहिलं. दवाखान्याच्या खिडक्यांत डोकी दिसू लागली. सगळं दार उघडं टाकून, हात मांडीवर ठेवून एक पोक्त माणूस गाडीत मांडी घालून बसला होता, आणि गाडी कुणी पायानं चिरडत असल्यासारखी ओरडत होती.

सिस्टरचे हात कानांवर गेले. मग खाली आले. त्या खांबापासून सुटल्या. एकेक पाऊल टाकत गाडीपाशी आल्या, दाराला न शिवता वाकल्या आणि आत पाहिलं. पट्टी खाली दबलेली, तिच्यावर काळ्या रबराची कड, आणि वर कुणाचाही पाय नाही.

"बंद करा."

मास्तरांनी किल्ली फिरवली.

"परत करा."

त्यांनी परत केलं. तिनं तीनदा करायला लावलं. तिसऱ्या वेळी इंजिन बंद झाल्यावर ती जमिनीवर गुडघे टेकून बसली आणि तिनं हात घालून ब्रेकची पट्टी बोटांनी दाबून पाहिली, एखाद्या माणसाची नाडी बघावी तशी.

"मग मी हा दाबत होते?"

"हाच. सगळा जीव लावून."

"आणि जोर लावला म्हणून ते आणखी पुढे..."

"हो. टाचेनं मॅट पुढे जाते. कुणीही असतं तरी हेच केलं असतं. मीही काल तेच केलं."

ती उठली नाही. "सर, पण मला अजून मऊच आठवतंय," ती म्हणाली. "आत्ता हे डोळ्यांनी बघितलं, पटलंसुद्धा. तरी पायाला मऊच आठवतंय. ते कसं काढू मी आता?"

बावीस वर्षांत मास्तरांना शिकणाऱ्यानं विचारलं आणि उत्तर आलं नाही, असं झालं नव्हतं. त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली.

"दहा महिने मी काकांच्या पायाला पट्टी बांधायला जातेय," सिस्टर म्हणाल्या. "दर आठवड्याला. ते म्हणतात, पोरी, जाऊ दे, तू मुद्दाम केलंस का? आणि मी दर वेळी म्हणते, काका, माझंच चुकलं. दर वेळी, सर." त्यांनी गुडघ्यांवरची माती झटकली. "त्यांना सांगितलंत?"

"नाही. आधी तुमच्याकडे..."

"चला."

"गाडी..."

"राहू दे ती तिथेच. चालत."

आत जाऊन सिस्टरनी दुसऱ्या परिचारिकेला खिडकीवर बसवलं आणि दोघं बाजारपेठेकडे निघाले. ती पुढे, मास्तर दोन पावलं मागे. ओळखीची माणसं मास्तरांना हात करत होती. कुणी म्हणालं, "काय मास्तर, आज पायी?" मास्तरांनी मान हलवली. वाटेत ते पहिलं वाक्य जुळवत होते, आणि जुळलेलं प्रत्येक वाक्य उताराच्या रस्त्यावर त्यांच्या मागे पडत होतं.

पायरी नवी बांधली होती. टेलरकाका आता पायरीवर बसत नसत. दुकानात आत, भिंतीला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून बसत. उजवा पाय एका स्टुलावर सरळ ठेवलेला. डाव्या पायानं मशीन चालू होतं.

"या, या!" काका म्हणाले. "आज दोघं एकदम? पोरी, पट्टीचा वार तर परवा."

"पट्टीला नाही आले, काका. सर काही सांगायला आलेत."

मग मास्तरांनी सांगितलं. जुळवलेलं वाक्य एकही आठवलं नाही, त्यामुळे घडलं तसंच सांगितलं. आधी रबर कापलं, मग पसरलं, त्याला हुक नव्हते. पाय सीटखाली दुमडून बसलो होतो. ब्रेक दाबायचा सोडून ओरडत बसलो. मॅट सरळ केली. जबाबावर सही केली. ही दाबत नव्हती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं मशीन थांबलं होतं, पण कापड दोन्ही हातांत धरलेलंच होतं.

"आता घ्या!" ते अखेर म्हणाले. "हिच्यावरचा राग काढून टाकायला मला सहा महिने लागले. आता तुमच्यावर नव्यानं धरू म्हणता? या वयात?"

कुणी हसलं नाही. काका स्वतःही हसले नाहीत. ते मास्तरांच्या उजव्या हाताकडे बघत होते.

"एक सांगा मास्तर. ती मॅट सरळ केलीत, ती कधी? माणसं जमली, मला उचलून नेलं, त्यानंतर?"

मास्तरांना "हो" म्हणता आलं असतं. त्या वेळी हे कुणी पाहिलं नव्हतं, आज तपासायलाही कुणी नव्हतं.

"नाही," ते म्हणाले. "त्याच्या आधी."

"मी ओरडत होतो तेव्हा?"

"हो."

"ऐकू येत होतं तुम्हाला?"

"येत होतं."

रस्त्यावरून एक गाडी गेली. तिचा आवाज ऐकून काकांनी मान न वळवता सरळ ठेवलेला पाय दोन्ही हातांनी धरून थोडा आत ओढून घेतला.

"पोरी, बस तू," काका मग म्हणाले आणि कापडांचा ढीग सरकवून बाकावर जागा करून दिली. सिस्टर बसल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांच्या उजव्या पायाची बोटं चपलेत हळूहळू दाबली जात होती, सुटत होती, पुन्हा दाबली जात होती. काकांनी दोरा ओवला. मशीन सुरू झालं.

मास्तर दुकानाच्या दारात उभे होते. त्यांना कुणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही कुणी म्हटलं नाही. ते उभे राहिले.